रात्रपाळी आणि दिवसाची झोप

सायंकाळी दिवेलागणीची वेळ झाली की अंगणाबाहेरील चिंचेची पाने मिटू लागतात. शिरीषाचीही तीच रीत. लाजाळूच्या पानांना एरवी स्पर्श व्हावा लागतो; रात्र पडू लागली म्हणजे ती स्पर्शावाचूनच मिटतात. प्रकाश गेला म्हणून पाने मिटली, असा याचा अर्थ कोणीही सहज लावील. १७२९ साली फ्रान्समधील द मेरां नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप दिवसरात्र अंधारात ठेवून पाहिले. सूर्याचा किरणही न लागता त्या रोपाची पाने दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. सजीवाच्या अंगातच वेळ मोजणारी काही यंत्रणा असली पाहिजे, या विचाराला पुढे या निरीक्षणापासून चालना मिळाली.

माणसाच्या अंगातही असेच घड्याळ आहे. रात्री झोपावे व दिवसा उद्योग करावा, अशी त्याची घडण असते. रात्रपाळीवर काम करणाऱ्या माणसाला मात्र या घड्याळाच्या नेमके उलट चालावे लागते. घरातील दिवे मालवले जातात तेव्हा तो कामावर जाण्यास निघतो, आणि गाव जागे होते तेव्हा अंथरुणाकडे वळतो. त्याच्या दिवसाच्या झोपेकडे पाहण्याची आपल्या समाजाची दृष्टी अद्याप पुरेशी समंजस झालेली नाही. सकाळी दहा वाजता झोपलेला माणूस आळशी, असे समीकरण मनात घट्ट बसलेले असते. वस्तुतः ही झोप म्हणजे त्याच्या कामाचाच उरलेला अर्धा भाग होय. तो भाग त्याला एकट्याने पार पाडता येत नाही. त्याचे घर, त्याचा शेजार, त्याचा कारखाना आणि गावातील शाळा या सर्वांचा त्यात वाटा असावा लागतो.

रात्री जागणारा गोवा

रात्रीचे काम गोमंतकाला नवीन नाही. पहाटे सायकलचा भोंगा वाजवीत येणारा पाव रात्रभर मळून व भाजून तयार झालेला असतो; पदेराची भट्टी गावाच्या आधी कितीतरी तास जागी होते. मच्छीमारांच्या होड्या भरती-ओहोटीचा हिशेब पाहून रात्री-अपरात्री समुद्रात जात आल्या. मुरगाव बंदरात जहाज लागले की दिवसरात्र काम चालते.

परंतु रात्रपाळी ही ठरावीक वेळांची व्यवस्था म्हणून गावोगावच्या घरांत शिरली ती कारखानदारीबरोबर. १९६६ साली औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर खोर्ली, वेर्णा, कुंडई, बेतोडा, डिचोली, थिवी, तुये, होंडा आदी ठिकाणी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. औषधे, रसायने, काच, प्लास्टिक अशा अनेक उद्योगांत यंत्र एकदा सुरू केले की ते रात्री बंद करून चालत नाही. त्यामुळे सत्तरी, पेडणे, डिचोली, फोंडा या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या घरांतून तरुण मुले तीन पाळ्यांत कामावर जाऊ लागली. त्यांच्या जोडीला रुग्णालयातील परिचारिका व वॉर्डबॉय, पोलीस, वीज व पाणीपुरवठा केंद्रांतील कर्मचारी, रेल्वेचे कामगार, हॉटेलांतील नोकरवर्ग, सुरक्षारक्षक आणि जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळावर काम करणारी मंडळीही आहेत.

रात्र जागण्याची सवय तर आपल्याला आहेच, जत्रेत दशावतार पहाटेपर्यंत पाहतोच की, असे कोणी म्हणेल. पण जत्रेची रात्र वर्षातून एकदा येते, तीत आनंद असतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे गावच पेंगत असते. रात्रपाळीचा माणूस सलग पाच-सहा रात्री जागतो, यंत्रासमोर किंवा रुग्णाच्या खाटेशी सावध राहतो, आणि सकाळी तो घरी येतो तेव्हा गाव ताजेतवाने होऊन आपापल्या कामाला लागलेले असते. या दोन जागरणांची तुलना होऊ शकत नाही.

शरीरातील घड्याळ

दोन्ही डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात, त्या जागेच्या थोडे वर सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ते दररोज आपली वेळ जुळवून घेते. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून झाला आणि त्यासाठी २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना देण्यात आले. भारतातही मदुराई येथे प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहांतील वटवाघळांच्या दैनंदिन लयीचा दीर्घकाळ अभ्यास केला.

या घड्याळाच्या हुकमतीखाली शरीरातील अनेक व्यवहार चालतात. अंधार पडू लागला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात वाढते आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी होते. पचनाचे काम मध्यरात्रीनंतर मंदावते. सूर्य वर आला की हेच चक्र उलट दिशेने फिरू लागते. तापमान चढते, शरीर उद्योगाची तयारी करू लागते. रात्रपाळीचा कामगार नेमका याच चढत्या वेळी झोपू पाहतो. म्हणूनच तो थकून आलेला असूनही चार-पाच तासांत त्याला जाग येते. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा आखूड आणि उथळ असते, याचे मूळ कारण हे आहे. त्याच्या मनाचा दुबळेपणा नव्हे.

हळूहळू सवय होईल, असे नव्या कामगाराला सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. घड्याळ सरकते, पण दिवसाला साधारण तासाभरानेच. पूर्ण उलटण्यास आठवड्याहून अधिक काळ लागेल. तोवर पाळी बदलते, किंवा सुट्टी येते आणि माणूस पुन्हा रात्री झोपू लागतो. शिवाय घरी परतताना डोळ्यांवर पडणारे सकाळचे ऊन घड्याळाला पुन्हा मागे ओढीत असते. त्यामुळे वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्या बहुतेकांचेही घड्याळ पुरते उलटत नाही. हे वास्तव मान्य करूनच उपाय योजावे लागतात.

पहाटेची अवघड वेळ

रात्री तीन ते सहा हा काळ सर्वांत जोखमीचा. या वेळी डोळे उघडे असूनही क्षणभर झोप लागून जाते आणि ती लागल्याचे त्या माणसालाही कळत नाही. यंत्राचा दाब वाचण्यात चूक होते, औषधाची मात्रा मोजताना हात चुकतो. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रातील २८ मार्च १९७९ चा अपघात पहाटे चारच्या सुमारास सुरू झाला. भोपाळची वायुदुर्घटना २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री घडली. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलचा स्फोट रात्री एक वाजून तेवीस मिनिटांनी झाला. या तिन्ही घटनांची कारणे अनेक होती, आणि त्यांचे खापर कामगारांच्या झोपेवर फोडणे अन्यायाचे ठरेल. मात्र जेथे धोका मोठा आहे तेथे रात्रीच्या प्रहरी माणसाची सावधता कमी असते, हे गृहीत धरूनच व्यवस्था आखली पाहिजे, एवढा धडा त्यांतून निश्चित मिळतो.

कामगाराने स्वतः पुढील काळजी घेता येईल. रात्रपाळीच्या आठवड्यातील पहिल्या दिवशी दुपारी किंवा सायंकाळी दीड-दोन तास झोपून मगच कामावर जावे. अवघड, बारकाईचे व धोक्याचे काम शक्यतो पहाटे तीनपूर्वी उरकावे. त्या वेळेनंतर एकाच जागी बसून न राहता अधूनमधून उठावे, सोबत्याशी बोलावे, महत्त्वाची नोंद दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. मधल्या सुट्टीत परवानगी असल्यास पंधरा-वीस मिनिटांची डुलकी उपयोगी पडते. त्याहून अधिक वेळ झोपल्यास उठल्यावर जडपणा येतो. म्हणून डुलकीनंतर तोंड धुऊन, काही मिनिटे थांबूनच यंत्राला हात लावावा.

परतीचा रस्ता

रात्र सुखरूप पार पडली तरी धोका संपत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये असे दाखवून दिले की, सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामातील चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे आदल्या दिवशी दुपारी दोनपासून जागा असलेला कामगार सकाळी सातला स्कूटरवर बसतो, तेव्हा थेंबभर दारू न घेताही तो मद्यपी चालकाइतकाच बेसावध असू शकतो. फरक एवढाच की त्याला कोणी अडवीत नाही.

म्हणून कारखान्याची बस असेल तर तिनेच यावे. दुचाकीवरच यावे लागत असेल तर एकमेकांच्या जोडीने यावे, आणि डोळे मिटू लागल्यास गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी लावून थोडी विश्रांती घ्यावी. वाऱ्याने झोप जाईल, हा समज खोटा आहे. बसने येणाऱ्याने काळा चष्मा घालावा; सकाळचे ऊन डोळ्यांत कमी गेले तर पुढे झोप लागण्यास मदत होते. जो स्वतः वाहन चालवितो आणि ज्याला डुलकी येत आहे, त्याने मात्र काळ्या चष्म्याच्या नादी लागू नये. त्याच्या बाबतीत रस्ता स्पष्ट दिसणे महत्त्वाचे.

दिवसा रात्र कशी करावी

घरी आल्यावर इतर कामांत गुंतून न पडता शक्य तितक्या लवकर झोपावे. वर्तमानपत्र, दूरदर्शन, मोबाईल यांत एक तास गेला की झोपेची अनुकूल वेळ हातची जाते आणि उन्हाचा ताप वाढतो. हात-पाय धुऊन, हलके खाऊन अंथरुणावर पडावे. या बाबतीत आपली पेज उत्तम; पोट भरते, जडपणा येत नाही.

झोपण्याची जागा काळोखी, थंड व शांत असावी. आपल्याकडील कौलारू घरांत उजेडासाठी छपरात एखादे काचेचे कौल बसविलेले असते. इतर वेळी ती मोठी सोय. रात्रपाळीच्या माणसाला तेच कौल नेमके डोळ्यांवर ऊन आणून टाकते. त्याखाली जाड कापड ताणावे, अथवा अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवावे. खिडक्यांना गडद रंगाचे पडदे लावावेत. पडदे नसतील तर जुनी चादरही चालते. डोळ्यांवर स्वच्छ काळा रुमाल बांधणे हा सर्वांत स्वस्त उपाय. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरील खोली दुपारी भट्टीसारखी तापते. तेथे खालच्या मजल्यावर उत्तरेकडील खोली निवडावी. पंखा लावल्याने हवा खेळते आणि त्याच्या एकसारख्या आवाजात बाहेरचे तुटक आवाज बुडून जातात. मोबाईल बंद ठेवावा किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावा. अगदी तातडीच्या कामासाठी कोणी उठवायचे, हे आधीच ठरलेले असावे.

सलग सात तास झोप होत नसेल तर ती दोन भागांत घ्यावी. रात्री अकरा ते सकाळी सात अशी पाळी असलेल्या कामगाराने सकाळी साडेआठ ते दीड आणि सायंकाळी साडेसात ते नऊ अशी झोप घेतल्यास साडेसहा तास भरतात. वेळा दररोज त्याच ठेवाव्यात. रात्रपाळीचा आठवडा संपतो त्या दिवशी मात्र सकाळी तीन-चार तासच झोपावे आणि रात्री नेहमीच्या वेळी अंथरुणावर पडावे. म्हणजे दिवसाच्या क्रमात परतणे सोपे जाते.

खाण्यापिण्याचाही विचार हवा. मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी करावे. मध्यरात्रीनंतर तळलेले, तिखट व जड पदार्थ टाळून थोडे फळ, चपाती-भाजी, ताक असे हलके खावे. चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्याचा अर्धा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात शिल्लक असतो. यास्तव चहा पाळीच्या पूर्वार्धात घ्यावा. रात्री दोननंतरचा प्रत्येक पेला सकाळची झोप कुरतडतो. झोप यावी म्हणून दारू घेण्याची सवय तर अत्यंत घातक. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप मध्येच तुटते आणि व्यसन मात्र मागे राहते. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

आपल्या ग्रामीण भागात आणखी एक अडचण आहे. कारखान्यातील कामगार बहुधा शेतकरीही असतो. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत काजूचा हंगाम, पावसाच्या आरंभी पेरणी-लावणी, आणि कुळागर असेल तर बारमाही काम. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी तसाच काजूच्या बागेत जातो. एक-दोन दिवस हे निभते, आठवडाभर नाही. हंगामात पाळी बदलून मिळते का, हे आधीच विचारावे, आणि नसल्यास शेतातील काम सायंकाळच्या वेळेवर ठेवावे. कोयता, विजेचा पंप व उंच झाड यांच्याशी न झोपलेल्या माणसाने खेळू नये.

घरातील स्त्री आणि रात्रपाळीची स्त्री

पुरुष रात्रपाळीवर असला की घरातील स्त्रीच्या दिवसाची रचनाच बदलते. तिला मुलांना गप्प ठेवावे लागते, मिक्सर व कपडे धुण्याचे काम पुढे ढकलावे लागते, वेळीअवेळी दोनदा जेवण वाढावे लागते आणि रात्री एकटीने घर सांभाळावे लागते. तिचे हे श्रम कोणत्याही हजेरीपटावर येत नाहीत. पतीने त्यांची जाणीव ठेवावी, आणि आठवड्यातील निदान एक सायंकाळ घरासाठी राखून ठेवावी.

स्त्री स्वतः रात्रपाळीवर असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. रुग्णालयात रात्र काढून आलेली परिचारिका सकाळी घरी पोहोचते तेव्हा मुलांचे डबे, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी आणि दुपारचा स्वयंपाक तिची वाट पाहत असतो. पुरुष कामगाराला घर झोपू देते. स्त्रीने मात्र आधी घर आवरावे आणि मग झोपावे, अशी अपेक्षा असते. बारा वाजता ती पाठ टेकते आणि साडेतीनला मुले शाळेतून आली की उठते. साडेतीन तासांच्या झोपेवर ती पुन्हा रात्री रुग्णांच्या औषधांच्या मात्रा मोजावयास उभी राहते. यात तिच्या प्रकृतीचा प्रश्न आहेच, शिवाय तिच्या हाती सोपविलेल्या रुग्णांच्या सुरक्षिततेचाही आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाक व मुलांची तयारी घरातील पुरुषाने व इतरांनी उचलणे, हा तिच्यावरील उपकार नसून साधा न्याय होय.

शेजारधर्म आणि शाळा

ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ विशेष संरक्षित केली आहे. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे, तर दिवसाची ५५. याचा अर्थ असा की, रात्री झोपणाऱ्याच्या मागे कायदा जितका खंबीरपणे उभा आहे, तितका तो दिवसा झोपणाऱ्याच्या मागे नाही. दिवसा झोपणाऱ्याला मुख्यतः शेजाऱ्यांच्या सद्भावावर अवलंबून राहावे लागते.

हा सद्भाव महाग नाही. शेजारी रात्रपाळीवर आहे हे माहीत असल्यास ध्वनिवर्धकाचे तोंड दुसरीकडे वळविता येते, खोदकाम व ठोकाठोक सायंकाळी करता येते, भेटीस जाताना दुपारचे चार वाजू देता येतात. दाराबाहेर 'रात्रपाळीचा कामगार झोपलेला आहे' अशी लहानशी पाटी लावण्यात संकोच बाळगू नये. दुपारी दोन ते चार या वेळेत निवांत राहण्याची गोव्याची जुनी रीत आहे. तीच थोडी सकाळकडे वाढविली की काम भागते. पंचायतींनीही विचार करावा. रविवारी सकाळी भरणाऱ्या ग्रामसभेस शनिवारची रात्रपाळी केलेला मतदार येऊ शकत नाही. निदान काही सभा सायंकाळी घेतल्यास त्याचा आवाजही ऐकू येईल.

शिक्षकांचे साहाय्य तर मोलाचे आहे. एका खोलीच्या घरात वडील झोपलेले असताना मुलाने अभ्यास कोठे करावा, हा खरा प्रश्न असतो. अशा मुलास शाळेनंतर तासभर वर्गात किंवा वाचनालयात बसू द्यावे. पालकांची सभा सकाळी अकराला न ठेवता सायंकाळी ठेवावी. सभेस न येणारा पालक बेफिकीरच असतो असे नाही. कदाचित तो त्या वेळी झोपलेला असेल. विज्ञानाच्या तासाला लाजाळूचे कुंडीतील रोप बंद कपाटात एक-दोन दिवस ठेवून त्याची पाने केव्हा मिटतात व केव्हा उघडतात, याची नोंद मुलांकडून करवून घेता येईल. हा पाठ शिकलेले मूल घरी वडिलांच्या झोपेचा अर्थही समजून घेईल.

कारखाना आणि कायदा

पाळ्यांची आखणी ही व्यवस्थापनाच्या हातची गोष्ट. माणसाच्या अंगातील घड्याळाचा फेरा सरासरीने चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे झोप पुढे ढकलणे हे ती मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते. म्हणून पहिली पाळी, नंतर दुसरी, नंतर तिसरी असा पुढे सरकणारा क्रम ठेवावा. सलग रात्री शक्य तितक्या कमी असाव्यात आणि दोन पाळ्यांमध्ये निदान अकरा तासांचे अंतर पडावे. बदली कामगार आला नाही म्हणून त्याच माणसाला दुसऱ्या पाळीस थांबविणे टाळावे. रात्री उपाहारगृहात गरम व हलके अन्न, कामाच्या जागी भरपूर उजेड, विश्रांतीची खोली आणि घरपोच वाहन या सोयींवरील खर्च अपघात टळण्याने भरून निघतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. दिवसाला आठ तासांचे काम, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामास दुप्पट दराने वेतन ही तत्त्वे तीत आहेत. स्त्रियांना त्यांच्या संमतीने व सुरक्षिततेच्या अटींवर रात्री काम करता येते; संमतीवाचून त्यांना रात्रपाळीवर लावता येत नाही, हे ध्यानात घ्यावे. मध्यरात्रीपलीकडे जाणाऱ्या पाळीच्या कामगाराची साप्ताहिक सुट्टी ही पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास मानली जाते. रविवारी सकाळी सातला सुटलेल्याची सुट्टी सोमवारी सकाळी सातला संपते, आणि तिचा पूर्वार्ध तर झोपेतच जातो. म्हणून रात्रपाळीच्या आठवड्यानंतर लगेच सोमवारच्या पहिल्या पाळीस बोलावणे कायद्यात बसले तरी माणुसकीत बसत नाही.

डॉक्टरांना केव्हा भेटावे

दीर्घकाळ रात्रपाळी केल्याने मधुमेह, हृदयविकार व पचनाचे विकार यांची शक्यता वाढते, असे अनेक अभ्यासांतून आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीची गणना कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत केली. याने घाबरून जाऊ नये. प्रत्येकाला आजार होईल असा त्याचा अर्थ नाही. वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर व वजन तपासून घ्यावे, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ. मधुमेह, अपस्मार किंवा रक्तदाब यांची औषधे घेणाऱ्यांनी पाळी बदलताना औषधाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. गरोदर स्त्रीने रात्रपाळीविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. आठवड्यातून अनेक दिवस झोप न लागणे, वाहन चालविताना डुलकी येणे, झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडकणे, सतत चिडचिड व उदासपणा वाटणे, ही लक्षणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा राज्य विमा दवाखान्यात जाऊन आपण पाळीत काम करतो हे आवर्जून सांगावे. ते न सांगितल्याने निदान चुकू शकते.

रात्री अचानक रुग्णवाहिका बोलवावी लागली तर ती येते; वीज गेली तर कोणीतरी ती पुन्हा सुरू करतो; सकाळी दारात पाव येतो. या प्रत्येक गोष्टीमागे कोणाची तरी जागून काढलेली रात्र असते. त्या माणसाला दिवसाचे सहा-सात तास काळोख आणि शांतता मिळवून देणे आपल्या हातचे आहे. त्यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. पलीकडच्या घरात कोणीतरी झोपलेले आहे, ही आठवण ठेवून आपले दार हळू लावणे, एवढ्याने आरंभ करता येईल.